हेतलची दीर्घिका

२ फेब्रुवारी २०२५, तरसाली

लीलाबेन म्हणाल्या, रोज लिहा. चार ओळी पुरे. चुकलं तरी खोडू नका. लीलाबेन मला बोलायला शिकवतात.

मी जयवंतराव शिर्के. वय अडुसष्ट. रिफायनरीतून निवृत्त. घरात पत्नी पद्मा, मुलगा सलील, सून हेतल.

एवढं लिहायला बराच वेळ लागला. हात दमला नाही. डोकं दमलं.

५ फेब्रुवारी

जेवताना कांदा हवा होता. शब्द येईना. बोट दाखवलं. पद्माने लिंबू दिलं, मग मीठ दिलं. शेवटी तोंडातून आलं, "डुंगळी". हेतल म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही माझ्या माहेरचे झालात." ती गुजराती आहे, कारेलीबागेतली. सगळे हसले. मीही हसलो. मग खोलीत जाऊन बसलो.

जन्मभर घरात मराठी बोललो. ती आधी जावी आणि बाजारातली गुजराती राहावी, हे काही बरं नाही.

११ फेब्रुवारी

आज जरा सुचतंय, म्हणून झालं ते लिहून ठेवतो.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही सगळे गच्चीवर होतो. सलीलचा पतंग चांगला चढला होता आणि समोरच्या सोसायटीतल्या पतंगाशी पेच लागला. मला सांगायचं होतं, ढील दे. तोंडातून आलं, "ताट दे." पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. सगळे हसले. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन इतकी वर्षं मीच केलेलं, तेव्हा मी गंमत करतोय असंच त्यांना वाटलं. एकटी हेतल हसली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, माझं नाव सांगा."

मला सांगता येईना. चेहरा ओळखीचा, नाव नाही.

तिने सलीलच्या हातातली दोरी तोडली. "गाडी काढ," म्हणाली. जिना उतरताना पद्मा म्हणत होती, उंधियू जास्त झालं असेल. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, म्हणून गुठळी विरघळवता आली. हातपाय वाचले. शब्द गेले, तेही सगळे नाहीत.

हेतलचे उपकार आहेत. ते इथे लिहितो. तोंडाने म्हणायला जावं तर त्या जागी काय निघेल याचा भरवसा नाही.

१८ फेब्रुवारी

हेतल अहमदाबादच्या एका संशोधन संस्थेत खगोलशास्त्राचं काम करते. आठवड्यातून दोनतीनदा सकाळच्या गाडीने जाते, बाकी दिवस घरून. मार्चमध्ये ती तीन महिने ऑस्ट्रेलियाला जाणार होती, तिथल्या दुर्बिणीवाल्या मंडळींबरोबर काम करायला. आज म्हणाली, ते पुढे गेलं. बॅग परत माळ्यावर चढली. तिच्यासाठी वाईट वाटलं, पण खरं लिहायचं तर मला बरंही वाटलं. घर भरलेलं राहील.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, एक काम आहे. जुलैमध्ये संस्थेतल्या कायमच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. माझा विषय सोप्या भाषेत सांगता आला पाहिजे. मला कुणाला तरी सांगून बघायचं आहे. सलील पाच मिनिटांत मोबाइल काढतो."

मी मान हलवली.

"नुसतं ऐकायचं नाही, हं. मी सांगेन ते तुम्ही मला परत सांगायचं. तरच मला कळेल ने, मी नीट सांगितलं की नाही."

म्हणजे तिला माझी गरज आहे. घरात कुणाला माझा काही उपयोग होईल असं गेल्या महिन्यात वाटलं नव्हतं. पद्मा सगळं ऐकत होती, तरी मध्ये काही बोलली नाही, याचं नवल वाटलं.

२१ फेब्रुवारी

पहिला धडा. आकाशातून कधीकधी रेडिओ लहरींचा एक झटका येतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. तेवढ्यात सूर्य कित्येक दिवसांत देतो तेवढी शक्ती बाहेर पडलेली असते. बरेचसे झटके एकदाच आलेले दिसतात, त्या जागेवरून पुन्हा काही नाही. कशाने होतं ते पक्कं ठाऊक नाही. मेलेल्या ताऱ्याचा प्रचंड चुंबक असावा असा अंदाज आहे. हेतलचं काम म्हणजे तो झटका कुठल्या दीर्घिकेतून आला ते शोधणं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. आपल्या सूर्याचं गाव आकाशगंगा.

मला हे परत सांगायला अर्धा तास लागला. 'दीर्घिका' म्हणता येईना. ती थांबली. अजिबात मदत केली नाही. तिने शब्द द्यावा म्हणून मी तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. जरा रागच आला. तसा तिचा स्वभाव मायाळू आहे.

२ मार्च

मानसिंगराव येऊन गेले. मंडळातले जुने स्नेही. मी एक वाक्य सुरू करायचो, ते पुरं करायचे. मला चहा म्हणायचं होतं, त्यांनी पाणी आणवलं. चांगुलपणाच तो, पण ते गेल्यावर पद्माला खुणेने सांगितलं की आता कुणी आलं तर मी झोपलोय म्हणून सांग.

१२ मार्च

आज संध्याकाळी हेतलने मला बाल्कनीत बसवलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यांची पाळी सुटली होती. तिथली माणसं आमच्यासमोरच्या रस्त्याने घरी जात होती.

"पप्पा, समजा भोंगा झाला आणि सगळे एकदम फाटकातून बाहेर पडले. मोटरसायकलवाले आणि सायकलवाले. फाटकाजवळ उभं राहिलात तर दोघं जवळजवळ बरोबरच जातील. पण इथे उभं राहिलात तर?"

"आधी मोटर. मग... सायकल."

"आणि कारखाना आणखी लांब असेल तर?"

"अंतर वाढेल."

"तेच. झटक्यातल्या सगळ्या लहरी एकदम निघतात. वाटेत दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत सुटे कण विखुरलेले असतात. उंच सुरांच्या लहरी म्हणजे मोटरसायकलवाले, त्यांना त्याचा फारसा त्रास नाही; खालचे सूर म्हणजे सायकलवाले, ते मागे पडतात. किती मागे पडले त्यावरून कळतं, वाटेत किती कण भेटले. म्हणजे किती लांबून आले त्याचा अंदाज."

मी हे सगळं परत सांगितलं. तीनदा अडलो. पण सांगितलं. सलील कामावरून आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं. तो हेल्मेट हातात धरून दारातच उभा राहून ऐकत होता. मग बाथरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. उन्हाने डोळे लाल होतात त्याचे.

३० मार्च

पाडवा. पद्माने श्रीखंड घरीच केलं. हेतलने गुढीला गाठी बांधली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी फक्त ऐकून समजायची. मी तिला रोज संध्याकाळी वाचायला शिकवलं. आता ती मला शिकवते.

८ एप्रिल

हेतलच्या वाट्याला एक झटका आला आहे, गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीने पकडलेला. तो कुठल्या दीर्घिकेतला, हे ठरवून शोधनिबंध लिहायचा. त्यावर तिचं नाव पहिलं असणार आणि मुलाखतीत तो सगळ्यात मोठी जमेची बाजू.

आज तिने फोटो दाखवला. आकाशाच्या तुकड्यावर एक लंबगोल काढलेला. "झटका या लंबगोलातून कुठून तरी आला. यापेक्षा नेमकं सांगता येत नाही." लंबगोलाच्या एका टोकाला सुरेख दीर्घिका होती, भोवऱ्यासारखी, दोन हात पसरलेली. "हीच," ती म्हणाली. "गटात सगळ्यांचं एकमत आहे."

मी परत सांगायला लागलो. दीर्घिका दिसते आहे. लंबगोलात आहे. मग सायकली. सायकली फार मागे पडल्या...

तिथे मी अडलो. पुढचं वाक्य काय होतं ते विसरलो होतो. म्हणालो, "पुन्हा सांग."

तिने सांगितलं की ही दीर्घिका तशी जवळची आहे, पण तिच्यात वायू भरपूर असेल, म्हणून खालचे सूर जास्त मागे पडले. हे ती भरभर बोलली. मला भरभर बोललेलं पकडता येत नाही. म्हणालो, "पुन्हा. सावकाश."

ती पुन्हा सांगायला लागली आणि मध्येच थांबली. फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला नाही पटत ने, पप्पा?"

मला पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता. माझा धागा सुटला होता, एवढंच. पण ते सांगायला शब्द जुळेनात, म्हणून गप्प बसलो. ती म्हणाली, "मलाही नाही पटत," आणि लॅपटॉप मिटून आत गेली. जेवायलाही उशिरा आली. मी काही चुकीचं बोललो का, असं पद्माला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही बोललात कुठे?"

१७ एप्रिल

हेतल अस्वस्थ आहे. तिने गटाला कळवलं की निबंध पाठवू नका. ती भोवऱ्याची दीर्घिका जवळची असल्याने खालचे सूर इतके मागे पडायला नकोत. तिच्या मागे, फार लांब, अंधूक काही असेल तर या फोटोत ते दिसणारच नाही. आणखी खोल फोटो घ्यायला हवा. त्यासाठी चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागावा लागेल. मिळेल की नाही सांगता येत नाही.

आज फोनवर तिचं त्यांच्याशी बोलणं चाललं होतं, इंग्रजीत. एकजण चिडला होता. तिचा आवाज चढला नाही, पण हाताने ती ओढणीचं टोक गुंडाळत होती. नंतर म्हणाली, "ते म्हणतात, वायूचं कारण चालण्यासारखं आहे, मग अडून का बसतेस. आणि खरंच, चालण्यासारखं आहे ते. मी चुकले तर जुलैमध्ये माझ्याकडे दाखवायला काही नसेल."

मला तिला सांगायचं होतं की रिफायनरीत मी तापमानाचे काटे तपासायचो. काटा शंकास्पद वाटला की आम्ही प्लँट चालू ठेवून वाद घालायचो नाही, आधी काटा बदलायचो. एवढं लांब वाक्य जमलं नाही. म्हणालो, "बघ. बघून घे."

"हो," ती म्हणाली. "बघूनच घेते."

६ मे

चिलीच्या दुर्बिणीवर वेळ मिळाला. थोडासाच. हेतल येऊन पद्माच्या आणि माझ्या पाया पडली. हल्ली असं ती करत नाही.

आज ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीवाल्या साहेबांनी व्हिडिओवर मलाही नमस्कार केला आणि हेतलच्या मार्फत विचारलं, आता तब्येत कशी आहे, बोलणं सुधारतंय का. लोक किती सभ्य असतात. इतक्या लांबच्या माणसाला माझ्या आजारपणाचं कसं कळलं, कोण जाणे.

१ जून

आपली सकाळ ही तिकडची रात्र. पोहे होत होते आणि चिलीत हेतलसाठी आकाशाचे फोटो घेणं चाललं होतं. तिने पोह्यांना हात लावला नाही. दुपारपर्यंत फोटो आले. मग ते धुऊनपुसून एकत्र करायचे असतात म्हणे. पद्माने तिला दोनदा चहा नेऊन दिला.

संध्याकाळी तिने मला हाक मारली. लंबगोलाच्या जवळजवळ मध्यावर, जिथे आधी नुसता काळोख होता, तिथे एक फिकट ठिपका होता. शाईचं बोट पुसल्यावर राहतो तसा डाग. मी म्हणालो, "हे काय?"

"माहीत नाही, पप्पा. पण आहे."

तिने स्क्रीनवर त्याच्याशेजारी बोट टेकवलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बसलो.

२९ जून

ठिपक्याच्या प्रकाशाचे रंग उलगडून मोजले गेले. एवढ्यावरच सगळं अवलंबून होतं. उत्तर आज आलं. ती एक छोटी, विस्कळीत दीर्घिका आहे, नवे तारे भराभर जन्माला घालणारी. इतकी लांब की झटका तिथून निघाला तेव्हा आपली पृथ्वी अजून झालीच नव्हती. आणि खालचे सूर जेवढे मागे पडलेत, तेवढेच त्या अंतरासाठी पडायला हवेत.

जो चिडला होता त्यानेच पहिलं अभिनंदन पाठवलं. हेतलने मला ते वाचून दाखवलं. मग म्हणाली, "तुमच्यामुळे."

मी काही केलं नाही. ती सगळ्यांना असं श्रेय वाटत असते. दूधवाल्यालाही म्हणते, तुमच्यामुळे चहा चांगला होतो.

२२ जुलै

मुलाखत झाली. भोवऱ्याची दीर्घिका चुकीची होती हे तिने आधीच सांगून टाकलं म्हणाली, आणि ती चूक कशी पकडली तेही. निबंध अजून छापून आलेला नाही. समितीतले एक गृहस्थ काही विचारतच नव्हते, त्याची तिला धास्ती आहे.

आज मी एकटाच कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. कोथिंबीर, आलं, कांदे मागितले. मराठीतच मागितले. दुकानदार गुजराती, तरी त्याला समजलं.

११ ऑगस्ट

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. हेतलला त्याच संस्थेने आणखी तीन वर्षं ठेवून घेतलं आहे, आणि दोन विद्यार्थी हाताखाली दिले आहेत. जे काही विचारत नव्हते त्यांनीच आग्रह धरला असं कळलं. ती आधी थोडी रडली, मग सलीलला म्हणाली, "चल, सेव उसळ खायला जाऊ." रात्री उशिरा येतील असं वाटलं होतं, पण तासाभरात आमच्यासाठी बांधून घेऊन परत आले. चौघं एकत्र जेवलो. तिखट होती. पद्माने ताकाचा तांब्या मध्ये ठेवला. देवाने आणखी काय द्यायचं असतं माणसाला?

१९ ऑगस्ट

मानसिंगराव पुन्हा आले. मंडळाच्या गणेशोत्सवात हेतलने तिच्या शोधावर मराठीत बोलावं, असं म्हणाले. ती म्हणाली, "बोलेन. पण माझी ओळख पप्पा करून देणार असतील तर."

मी हात हलवून नाही म्हणालो.

"माझं मराठी कच्चं आहे, पप्पा. तुम्ही आधी बोललात की लोक मला सांभाळून घेतील."

तिचं मराठी आता सलीलपेक्षा बरं आहे. पण ऐन वेळी घाबरते बिचारी. तिला एकटीला सोडणं बरोबर नाही, म्हणून कबूल केलं. आता काय बोलायचं ते कागदावर लिहायला बसतो.

३१ ऑगस्ट

झालं.

सभागृह भरलं होतं. आरती आटोपून बायका पुढच्या रांगांत बसल्या होत्या. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी माइकपाशी गेलो. इतकी वर्षं ज्या माइकपाशी मी कधी कागद नेला नाही, तिथे आज कागद नेला आणि तो वाचता येईना. अक्षरं ओळखीची, पण आवाजात उतरत नव्हती. म्हणून कागद खिशात घातला.

म्हणालो, "हेतल. माझी सून. ही आकाशातला... आकाशातला..."

पुढे काही नाही.

पुढच्या रांगेत मानसिंगराव शब्द पुरवायला पुढे झुकले आणि शेजारी बसलेल्या पद्माने त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते मागे टेकले. हेतल माझ्या बाजूलाच उभी होती. तिला तो शब्द ठाऊक होता. ती गप्प उभी राहिली, फेब्रुवारीत माझ्यासमोर बसायची तशी. मला एकदम समजलं की ही कितीही वेळ थांबेल.

मी माइकवर म्हणालो, "शब्द निघालाय. लांबून येतोय."

लोक हसले. चांगलं हसले, मला सांभाळून घेणारं नाही, पूर्वी माझ्या विनोदांवर हसायचे तसं. ते हसत असतानाच शब्द आला. "झटका," मी म्हणालो. "आकाशातला झटका कुठल्या दीर्घिकेतून आला, ते शोधते. एकदा चुकत होती. तिचं तिलाच कळलं. तिने सगळ्यांना थांबवलं. हिचा आम्हाला अभिमान आहे. बोल, बेटा."

हेतल माइकपाशी आली आणि तिलाच पहिलं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं.

९ सप्टेंबर

लीलाबेनकडे गेलो. आता महिन्यातून एकदा यायचं. त्या खुश होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं तसं हेतलने केलं, सगळेच घरचे करत नाहीत."

"काय सांगितलं?"

त्यांना वाटलं मला ठाऊक असेल. पहिल्याच आठवड्यात हेतल त्यांना भेटून आली होती. लीलाबेननी तिला सांगितलं होतं की यांना रोज काहीतरी नवं समजावून सांगा आणि ते परत सांगायला लावा. शब्द पुरवू नका. थांबा. आणि ही शिकवणी आहे असं त्यांना वाटू देऊ नका, नाहीतर ते बसणार नाहीत.

रिक्षात बसून घरी आलो. पद्माला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "मग? मी गप्प बसले होते ते काय उगीच?"

म्हणजे हेतलला माझी गरज नव्हतीच. मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. संध्याकाळी कुणाशी फारसं बोललो नाही.

१० सप्टेंबर

सकाळी हेतल गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर गेलो आणि सरळ विचारलं, "मुलाखतीची सवय करायची, ते खोटं होतं?"

तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला. "सुरुवातीला तुमच्यासाठीच होतं, पप्पा."

"मग?"

"मग तो भोवऱ्याचा फोटो आला आणि तुम्ही म्हणालात, पुन्हा सांग. मग म्हणालात, सावकाश. माझ्या गटात मला असं कुणीच म्हणालं नसतं. तिथे सगळे हुशार आहेत, त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. ते वाक्य मी एकदाही शेवटपर्यंत सावकाश बोलले नव्हते. तुमच्यासमोर बोलायला लागले आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं."

मी तिला खरं काय ते सांगितलं. मला शंका आली नव्हती, माझा धागा सुटला होता.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून काय झालं?"

मी बादलीतला सलीलचा शर्ट काढला, झटकला आणि तिला दिला. राहिलेले कपडे दोघांनी मिळून वाळत घातले. खाली येताना मी म्हणालो, "हेतल, आभार." बरोबर तोच शब्द आला. ती म्हणाली, "चला, चहा टाकते."

१४ सप्टेंबर

आज रविवार. ऑस्ट्रेलियातून एक नवा झटका आला आहे. हेतल नाश्ता झाल्याबरोबर लॅपटॉप घेऊन बाहेर आली. लंबगोलात या वेळी चार दीर्घिका आहेत आणि चारही तिला शक्य वाटतात. सलील म्हणाला, "बाबांना जरा सुट्टी दे, आता त्यांना चांगलं बोलता येतं." पद्मा भाजी निवडत राहिली.

मी खुर्ची ओढून हेतलच्या शेजारी बसलो. चष्मा पुसला आणि म्हणालो, "पहिलीपासून सांग. सावकाश."